समोरच्या खोलीतून मागच्या खोलीत

दारव्ह्याच्या आमच्या घरात समोरच्या आणि मागच्या खोलीमध्ये एक भिंत आहे, आणि त्या भिंतीत जमिनीपासून वीतभर उंचीवर एक भोक आहे. बोट जाईल एवढं. ते मी पाडलं. हे वाक्य सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण ते तोंडानं म्हणायला मला सतरा-अठरा वर्षं लागली, आणि म्हटलं तेव्हाही त्याचं जे झालं ते पुढं सांगतेच.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळं आमच्या जिल्ह्याचं नाव रोज टीव्हीवर यायचं, त्या वर्षांतली ही गोष्ट. लांबलांबून गाड्या यायच्या, माणसं उतरायची, कॅमेरे लावायची आणि आम्ही बहिरे असल्यासारखे सावकाश प्रश्न विचारायची. कापूस बुडाला म्हणजे फक्त शेतातलाच माणूस बुडतो असं त्यांना वाटायचं. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काटा करणारा, गाठी बांधणारा, गेटवर चहा विकणारी, ह्यांच्याकडं कुणी कॅमेरा वळवला नाही. माझे बाबा जिनिंगमध्ये काट्यावर होते. एका दिवाळीला जिनिंग सुरूच झालं नाही. पुढच्या दिवाळीला मालकानं ऑफिसातलं सामान भंगारात काढलं, तेव्हा बाबांनी दोन जुने कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर घरी आणला. सोबत आपली छिन्नीही आणली. ती त्यांनी लोहाराकडून खास घडवून घेतली होती, गाठींच्या लोखंडी पट्ट्या तोडायला. छिन्नीला ते पोटच्या पोरापेक्षा जास्त जपायचे असं आई म्हणायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

ते कॉम्प्युटर मी उघडले तर आतल्या पंख्यांना कापूस गुंडाळलेला. एकात तर चार सरक्या निघाल्या. चिमट्यानं सगळं साफ करून मी ते सुरू केले. मी म्हणजे मीच. कॉम्प्युटरचा कोर्स घरात मी एकटीनं केला होता, आणि तो बाबांनीच करायला लावला होता, हे कबूल करायला हवं. आमचं घर बौद्धांचं. विहारात बाबा दर पौर्णिमेला उभं राहून सांगायचे, पोरीला शिकवा, भाकरी अर्धी खा पण पोरीला शिकवा. ते मनापासून सांगायचे. म्हणूनच पुढचं सगळं आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अडाणी घरात झालं असतं तर मी एवढी चिडलेही नसते.

दोनातला चांगला कॉम्प्युटर दादाला मिळाला. दादा मागच्या खोलीत दार लावून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा. त्याचा अभ्यास कॉम्प्युटरवर नव्हताच, पण मुलगा मोठा, म्हणून चांगली वस्तू त्याची. प्रिंटरही त्याच्याच खोलीत, कारण समोर रस्त्याची धूळ येते. समोरच्या खोलीत मी जुन्यातला जुना कॉम्प्युटर घेऊन टायपिंगचं काम करायची: अर्ज, बायोडाटा, लग्नपत्रिकांचा मजकूर. छापायचं म्हटलं की फ्लॉपीत घ्यायचं, मागचं दार वाजवायचं, दादा म्हणणार, "थांब व, वाचून राह्यलो ना." मग थांबायचं. तोवर लाइन, म्हणजे वीज, जायची. त्या वर्षांत लाइन असायची कमी आणि जायची जास्त. वेळापत्रक भिंतीवर लावलं होतं आणि त्यातली फक्त जायची वेळ खरी ठरायची. गिऱ्हाईक बाहेर ताटकळायचं आणि माझ्याकडं असं पाहायचं की लाइन मीच घालवली. वरून निम्म्या वेळा फ्लॉपी खराब निघायची.

एक दिवस मी ठरवलं की हे दोन कॉम्प्युटर जोडायचे. माझी फाइल इथून तिकडं जाईल, कागद तिकडं निघेल, आणि मला कुणाचं दार वाजवावं लागणार नाही. खरं कारण शेवटचंच होतं.

कोर्समध्ये हे शिकवलं नव्हतं. कॉम्प्युटरमध्येच मदतीची पानं असतात, इंग्रजीत. ती मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. जोडणीची कार्डं आणि केबल यवतमाळहून मागवली. पहिली केबल लावली तर दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना ओळखच देईनात. चार दिवस डोकं फोडल्यावर समजलं की दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे तर केबलच्या एका टोकाला आतल्या तारांचा क्रम बदलावा लागतो. मी टोक कापलं, आठ बारीक रंगीत तारा सोलल्या, हिरव्याच्या जागी नारिंगी घातली, आणि कोर्सच्या सरांकडून आणलेल्या पकडीनं क्लिप दाबली. दोन क्लिपा वाया गेल्या, तिसरी बसली.

आता केबल भिंतीपलीकडं न्यायची होती. दारातून नेली तर दादाचं दार लागणार नाही, आणि दार न लागणं त्याला चालणार नाही. दादा तेव्हा परीक्षेसाठी दोन दिवस अमरावतीला गेलता. बाबा बाहेर गेलेले, आई शेजारी पापड लाटायला. मी बाबांची छिन्नी आणि हातोडी घेतली आणि भिंत फोडायला बसले. विटा जुन्या, चांगल्या भाजलेल्या. दुपार गेली. भोक आरपार झालं आणि शेवटच्या ठोक्याला छिन्नीचं टोक मोडून आत विटेत अडकलं. काढता काढता नखं फुटली, टोक निघालं नाही. मी मोडकी छिन्नी बाबांच्या हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवून दिली आणि केबल ओवली.

मग दोन्ही कॉम्प्युटरना नंबर दिले. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य, आणि शेवटी माझा एक, दादाचा दोन. दोघांच्या गटाचं नाव एकच ठेवलं. दादाच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर सगळ्यांसाठी मोकळं केलं, प्रिंटरही मोकळा केला. समोरच्या खोलीत येऊन बसले आणि माझ्या स्क्रीनवर त्याचं फोल्डर उघडलं, मग एक अर्ज छापायला पाठवला. मागच्या खोलीत कुणी नव्हतं आणि तिथं प्रिंटर आपोआप सुरू झाला. मी एकटीच हसत सुटले. इतका आनंद मला बारावीच्या निकालाला झाला नव्हता.

बाबा घरी आले आणि खाली पडलेला पोपडा पाहून भडकले. "भित कायले फोडली? पोरीच्या जातीनं हातोडी घेऊन बसा लागते काय?" मी कॉम्प्युटर दाखवायला लागले तर पाहिलंही नाही. चार दिवसांनी मोडकी छिन्नी सापडली तेव्हा घर डोक्यावर घेतलं; लोखंड तोडणारी छिन्नी विटेत मोडेल हे त्यांच्या मनातही आलं नाही: "माही छिन्नी कोनं तोडली?" कुणीच बोललं नाही. मी तर नाहीच.

ह्याच दिवसांत बाभुळगावचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा बरा होता, पण मला लग्न नको होतं, नोकरी हवी होती. बाबांनी सरळ सांगितलं, "नोकरी लागली त दोन वर्षं थांबू. नाई लागली त उन्हाळ्यात उरकून टाकू." विहारात बोलणारा माणूस घरातही शब्दाला पक्का, हे मला माहीत होतं. म्हणजे माझ्याकडं एक हिवाळा होता.

कापूस बुडाला तरी कापसाचं बियाणं विकणारे तरले होते. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत अशीच एक बियाण्याची कंपनी नवीन आली होती. तिचे साहेब दारव्ह्याच्या दुकानदारांची यादी टाइप करून घ्यायला आमच्याकडं आले. नागपूरकडचे, पुस्तकी मराठी बोलणारे. बाबा खुर्चीवर बसलेले. मी यादी टाइप केली, बटण दाबलं आणि म्हटलं, कागद येतो. साहेब माझ्या टेबलावर प्रिंटर शोधायला लागले. तेवढ्यात भिंतीमागून घरघर आली, दार उघडलं, आणि दादा हातात छापील कागद घेऊन बाहेर आला.

"अरे," साहेब म्हणाले, "हे कोणी जोडलं? आमच्याकडं दहा कॉम्प्युटर आलेत. जोडायला माणूस मिळत नाही."

आणि मी म्हणाले, "दादानं."

हे मी का म्हणाले ह्याचा विचार मी इतक्या वेळा केलाय की आता त्या विचाराचाच राग येतो. कुणी मला डोळ्यांनी दटावलं नव्हतं, बाबांनी घसाही साफ केला नव्हता. आमच्याकडं बाहेरच्या माणसासमोर पोरीनं 'मी' म्हणायचं नसतं, एवढंच. पाहुण्यानं भाजीची तारीफ केली तर आई म्हणते, वांगे चांगले होते. माझा कोर्सचा नंबर आला तेव्हा मी म्हणाले, सरांनी शिकवलं चांगलं. घरातलं काही चांगलं झालं की ते भावाच्या, बापाच्या, सरांच्या अंगावर घालून मोकळं व्हायचं, हे वळण इतकं मुरलेलं की पाण्याचा गिलास पुढं करावा तसं ते वाक्य माझ्या तोंडातून बाहेर आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ह्यालाच. बाकी सगळ्यांवरचा राग कमीजास्त होतो, पण त्या एका शब्दावरचा माझा राग अजून जसाच्या तसा आहे.

दादानं माझ्याकडं पाहिलं. कागद टेबलावर ठेवला. बाबा पोपडा पडलेला विसरून म्हणाले, "पोरगा हुशार हाय साहेब. परीक्षेचा अभ्यास करते, त्यातून वेळ काढून केलं." बाबांनीच मला हातोडीवरून झापलं होतं. तोच माणूस, तीच भिंत. मला वाटलं ते माझ्याकडं पाहून हसतील तरी. नाही. त्यांनी ते तिथल्या तिथं खरं मानून टाकलं होतं.

साहेबांनी दादाला सोमवारी लोहाऱ्याला बोलावलं. ते गेल्यावर दादा मला म्हणाला, "तू काहून माह्यं नाव सांगतलं?"

"मंग सांगून दे ना खरं," मी म्हणाले.

"आता कसं सांगू? ते काय म्हनतीन?"

आई चुलीजवळून म्हणाली, "भावाचं नाव घेतलं त तुहं काय कमी झालं? त्याचंबी कुठंतरी नाव व्हाले पाह्यजे ना." माझं काय कमी झालं ते तिला बाभुळगावच्या लोकांनी तारीख विचारली तेव्हा समजायला हवं होतं. नाही समजलं.

दादाला नोकरी लागली. मला त्याचा हेवा वाटला नाही असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. मला इतका हेवा वाटला की त्याचे बूट दारात दिसले की लाथ मारावीशी वाटायची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, इथं तर बीळही मीच छिन्नीनं कोरलेलं.

आणि ह्यावर कळस म्हणजे फोन. जेवणाच्या सुट्टीत रोज लोहाऱ्याहून घरच्या फोनवर दादाचा फोन. "अव, ते नंबर टाकायचं कुठं असते?" मी सांगायची. आमच्याकडं त्या वेळेला हमखास लाइन गेलेली, समोर कॉम्प्युटर बंद. मी डोळे मिटून पाठ केलेला स्क्रीन वाचायची: आधी कंट्रोल पॅनेल, मग जोडणीचं चित्र, त्यावर उजवं बटण, सगळ्यात खालचं. तो तिथं एकेक करायचा. मधेच आवाज बदलून मोठ्यानं म्हणायचा, "हो हो, ते मी करून ठेवलं," म्हणजे साहेब मागं आले समजायचं. मग फोन बंद. दहाच्या दहा कॉम्प्युटर मी असे जोडले, घरात बसून, एकही न पाहता.

एकदा मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. हे मी आजवर कुणाला बोलले नाही. त्या दहातल्या दोघांना मी एकच नंबर द्यायला लावला. एका नंबरचे दोन झाले की दोघंही भांडत बसतात, फाइल जातच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला तो मी उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. आईनं उचलला आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. तिनं फोन माझ्यापुढं धरला. दादा रडकुंडीला आला होता. साहेब उद्या अमरावतीहून माणूस बोलावतो म्हणत होते. जिनिंग बंद, माझं टायपिंग लाइनच्या मर्जीवर. दादाची नोकरी गेली असती तर घर कशावर चाललं असतं हे मला माहीत होतं. रागालासुद्धा आमच्या घरात पूर्ण मोकळीक नव्हती.

मी डबा घेतला आणि जीपमध्ये कोंबून बसून लोहाऱ्याला गेले. भावाचा डबा घेऊन बहीण आली, ह्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. साहेब जेवायला गेले होते. पहिल्यांदा मी ते दहा कॉम्प्युटर पाहिले. नवीकोरी टेबलं, कुठं धूळ नाही, वर पंखा. मी बसले, नंबर बदलला, पाच मिनिटांत सगळं सुरू झालं. पाचच मिनिटं, पण उठावंसं वाटेना. तेवढ्यात साहेब आले. मी खुर्चीत, दादा बाजूला डबा धरून उभा.

साहेबांनी स्क्रीन पाहिला, मला पाहिलं आणि दादाच्या पाठीवर थाप मारली. "वा! बहिणीलाही शिकवलंस की."

दादा डब्याचं झाकण उघडायला लागला. त्यानं बोलायला हवं होतं. पण मीही बोलू शकत होते ना? घरात तोंडाचा पट्टा सुटलेली मी तिथं मुकाट्यानं उठले, ओढणी नीट केली आणि म्हणाले, "येते." परतीच्या जीपमध्ये मी रडले नाही. ओठ इतके चावले की रक्त आलं.

उन्हाळ्यात माझं लग्न झालं. बाभुळगावला मी पुढं स्वतःचं टायपिंगचं दुकान टाकलं, ते चांगलं चालतं, नवरा समंजस आहे, तक्रार करण्यासारखं काही नाही. तरी करते. दादा त्याच कंपनीत चढत चढत अकोल्याला साहेब झाला. भाऊबीजेला मोठी साडी आणतो. एकदा म्हणाला, "तुहे लई उपकार हायेत माह्यावर." मी म्हणाले, हे चार लोकांत म्हण. साडी वाढत गेली, पण चार लोकांत म्हणणं काही त्याच्याच्यानं झालं नाही.

मागच्या वर्षी माहेरच्या घराला रंग द्यायचा होता म्हणून मी गेले. आई आता नाही. बाबा थकलेत, खुर्ची तीच आहे. रंगारी भिंत खरवडत होता, त्यानं ते भोक पाहिलं आणि बुजवायला लांबीचा गोळा घेतला.

"ते बुजवू नोको," बाबा म्हणाले. "आमच्या पोरानं पाडलं ते. तवा अख्ख्या दारव्ह्यात कोनाच्या घरी दोन कॉम्प्युटर जोडेल नव्हते. त्यावरच नोकरी लागली त्याले."

मी चहाचा कप खाली ठेवला. "बाबा, ते मी पाडलं."

"हाव, तू होती ना. त्याच्या हाताखाली."

"दादा अमरावतीला गेलता."

"त्यानं जातानी सांगून ठेवलं असन."

"मला कुणी काही सांगितलं नव्हतं, बाबा. जोडलं मी. साहेबांपुढं दादाचं नाव घेतलं तेही मीच."

"तूच सांगत होती, दादानं केलं म्हनून," बाबा शांतपणे म्हणाले. "आता काहून बदलून राह्यली?"

रंगारी मान खाली घालून खरवडायचं नाटक करत होता. माझं डोकं असं भणभणलं की मी त्याच्या सामानातली बारीक तोंडाची पक्कड ओढून घेतली, जमिनीवर बसले आणि ती भोकात घातली. विटेचा भुगा पडला. लोखंडाला लोखंड लागलं. दोन-तीन हिसक्यांत ते निघालं, करंगळीच्या पेराएवढं, गंजून लाल झालेलं. मी उठून ते बाबांच्या हातावर ठेवलं.

बाबांनी चष्मा लावला. टोक उलटंसुलटं केलं, अंगठा फिरवला. त्यांनी ते ओळखलं. ओळखणारच. त्यांचा चेहरा बदलताना मी डोळ्यांनी पाहिला, आणि मला वाटलं, आता म्हणतील. इतक्या वर्षांनी का होईना, आता म्हणतील.

"म्हंजे माही छिन्नी तुनं तोडली," बाबा म्हणाले.

"हो बाबा," मी म्हणाले. "मीच तोडली."

"अन् इतके वर्षं बोलली नाई तू."

ते छिन्नीबद्दल म्हणत होते.